फ्लायव्हीलचे बोल्ट

आमच्या कोपरखैरण्याच्या भाड्याच्या बैठ्या घरापुढे पत्र्याची शेड होती आणि त्या शेडमध्ये एक जीप उभी होती. बॉनेट उघडं, आत इंजिनच नाही. सकाळी दार उघडलं की पहिलं दर्शन त्या भगदाडाचं. मी रोज तिला शिव्या घालायची आणि रोज मनातल्या मनात म्हणायची, बाई गं, चालू हो एकदाची.

कारण आमचं सगळं तिच्यावर अडलं होतं. नव्वदीची ती वर्षं. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कंपन्या एकेक करून बंद पडत होत्या. आमचे हे अशाच एका कंपनीत फिटर होते. एक दिवस सकाळी कामावर गेले आणि गेटला कुलूप बघून परत आले. डबा तसाच भरलेला. मी विचारलं, "अहो, काय झालं?" तर म्हणाले, "सुट्टी." ती सुट्टी काही संपली नाही. सुरुवातीला गेटवर बसायला जायचे सगळ्यांबरोबर, मग तेही सुटलं. घरात बसून भिंतीकडे बघायचे. मी बडबडी बाई, मला शांतता सोसत नाही. पण त्या दिवसांत माझीसुद्धा बोलायची हिंमत व्हायची नाही.

ती जीप कंपनीच्याच आवारात गंजत पडलेली. बंदच्या गडबडीत थकलेल्या पगारापोटी ती ह्यांच्या गळ्यात पडली. पेट्रोलवरची, आणि पेट्रोल प्यायला अशी वस्ताद की वाशीच्या बाजारात जाऊन यायचं म्हटलं तरी धडकी भरावी. तेव्हा जीपवाले सर्रास पेट्रोलचं इंजिन उतरवून डिझेलचं चढवायचे. ह्यांच्याही डोक्यात ते आलं. कळंबोलीच्या भंगारवाल्यांकडे हिंडून हिंडून त्यांनी अपघातात चेपलेल्या एका टेम्पोचं इंजिन हुडकलं. तिथेच त्यांची एका ट्रान्सपोर्टवाल्याशी गाठ पडली. मोठं यार्ड, ट्रकांची रांग, आणि दुरुस्तीचं वर्कशॉप सांभाळायला धड माणूस नाही. तो मालक ह्यांना म्हणाला, "सर्टिफिकेटं मला नका दाखवू, मिस्त्री. हे इंजिन तुमच्या जीपमध्ये बसवा आणि जीप चालवत माझ्या यार्डात आणा. वर्कशॉप तुमच्या ताब्यात."

त्या दिवशी हे घरी आले ते ताठ चालत. जेवताना म्हणाले, "गाडी झाली तर इथंच राहायचं. नाही झाली तर गावी जायचं. मग परत ह्या शहराचं तोंड बघायचं नाही." गाव म्हणजे साताऱ्याकडचं आमचं गाव. डोंगराच्या पायथ्याला, पाणी जेमतेम. माझी पोरगी इथल्या शाळेत रुळलेली, माझं फॉल-पिकोचं काम चांगलं चाललेलं. मला नव्हतं जायचं. स्पष्ट सांगते, मला अजिबात नव्हतं जायचं. म्हणून मी पदर खोचला आणि शेडमध्ये शिरले.

इंजिन बदलायचं म्हणजे एक काढलं, दुसरं ठेवलं, असं मला वाटायचं. छे! जीपचं नाक आखूड, टेम्पोचं इंजिन लांब. रेडिएटर पुढे सरकवा, इंजिन टेकवायचे फाउंडेशनचे ब्रॅकेट कापा, नवे वेल्डिंग करून घ्या. इंजिनाची भोकं गिअरबॉक्सच्या भोकांशी जुळेनात, म्हणून मध्ये एक जाड लोखंडी प्लेट बनवून घेतली. ती पहिल्यांदा चुकली. आमचे शेजारी एपीएमसीत पोती उचलणारे, आमच्याच मुलखातले गडी. बाजारातून आले की अंगावरचा घाम पुसत ते शेडमध्ये यायचे, बांबूला दोर लावायचे आणि कांद्याचं पोतं उचलावं तसं इंजिन उचलून टेकवायचे. ते बसायचं नाही. पुन्हा खाली. "मिस्त्री, हे काय सुखानं नांदायचं नाही," एक जण म्हणाला आणि सगळे हसले. हे नाही हसले. मग मीच त्याला म्हटलं, "तुमची नांदतेय ना? मग ही पण नांदेल." तेव्हा कुठे ह्यांच्या तोंडावर जरा हसू आलं.

मी पाने द्यायची. कुठला रिंग पाना, कुठला टी पाना, हळूहळू कळायला लागलं. ह्यांची एक पद्धत होती, कंपनीतली. बोल्ट पूर्ण आवळला की त्याच्या डोक्यावर लाल ठिपका द्यायचा. ठिपका नाही म्हणजे आवळायचा आहे. ठिपका आहे म्हणजे झाला, पुन्हा पाना लावायचा नाही. उगाच जास्त पिळला तर बोल्ट ताणतो आणि पुढे दगा देतो. कंपनीत त्याला लाल रंगाचा डबा असायचा. इथे कुठला? एक दिवस हे माझी ओल्या कुंकवाची बाटली घेऊन गेले. त्या बाटल्यांच्या बुचालाच बारीक काडी असायची. मी ओरडले, "अहो, माझ्या कपाळाचं काय?" तर म्हणाले, "तुझं कपाळ याच्यावरच आहे बाई सध्या." खोटं नव्हतं ते. "फिटरनं आठवणीवर जायचं नाही," हे नेहमी म्हणायचे. "आठवण फसवते. खुणेवर जायचं."

दसरा जवळ आला तशा सासूबाई गावाहून आल्या. मी त्यांना आत्या म्हणायची, आमच्याकडे सासूला तसंच म्हणतात. सासरे जाऊन बरीच वर्षं झाली होती. तेव्हापासून आत्या कुठल्याही शुभकार्यात पुढे यायच्या नाहीत. कुणाकडे हळदीकुंकू निघालं की ह्या आपणहून मागच्या दाराशी जाऊन बसायच्या, कुणी म्हणायच्या आधीच. मला त्याची फार चीड यायची. पण मी त्यांना हात धरून पुढे आणलं तर त्याच कानकोंड्या व्हायच्या.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारं पुजतात. विळे, कोयते, पाने, शिवणयंत्र, जे हाताला भाकरी देतं ते सगळं. एकदा पूजेला मांडलं की दसऱ्यापर्यंत हात लावायचा नाही. कंपनीत दर वर्षी त्या दिवशी मशिनी बंद ठेवून, धुऊनपुसून, झेंडूच्या माळा घालून पूजा व्हायची, आम्ही बायकापोरं जायचो, पेढे मिळायचे. यंदा कंपनीच नव्हती. आदल्या दिवशी हे आईला म्हणाले, "आई, उद्याची पूजा तू करायची."

"माजा हात कशाला रं शुभाला? सुनंला सांग की."

"नाही. तूच."

"आरं, लोक काय म्हंतील? रांडमुंड बाईनं कुंकू लावायचं? तुजं काम हाय जोखमीचं, त्यात माजं सावट नको."

हे आत्यांपुढे खाली बसले. "आई, मला वाढवलं या हातानं. आणि आता माझ्या पान्यांना लावायला हाच हात अशुभ झाला?" मीही म्हटलं, "करा हो आत्या. कोण काय बोलतंय ते मी बघते." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या नको नको म्हणत होत्या, पण चेहरा उजळला होता. इतक्या वर्षांत त्यांना कुणी तसं म्हटलंच नव्हतं.

नवमीच्या सकाळी मी फुलं आणायला बाजारात गेले. हे तोवर शेडमध्ये काम रेटत होते. इंजिन जमिनीवर जुन्या टायरवर ठेवलेलं. त्याच्या मागच्या टोकाला फ्लायव्हील बसतं, म्हणजे एक जड लोखंडी चाक. त्याच्यावर क्लच आणि त्याच्या मागे गिअरबॉक्स. इंजिनाची सगळी ताकद त्या चाकाच्या बोल्टांतून पुढे जाते. ह्यांनी ते चाक चढवलं, बोल्ट हातानं फिरवून बसवले, आणि पाना घेणार तेवढ्यात आत्या ताट घेऊन उभ्या. "दे ती हत्यारं. उशीर झाला." ह्यांनी पाना दिला आणि आंघोळीला गेले. मी परत आले तेव्हा पूजा झालेली होती. पाने ओळीनं मांडलेले, माझ्या पिकोच्या मशिनीला हळदकुंकू, इंजिनावर अक्षता. आत्या कोपऱ्यात हात जोडून बसल्या होत्या. इतकं समाधान मी त्यांच्या तोंडावर कधी पाहिलं नव्हतं.

दसरा झाला. सोनं वाटून झालं. दुसऱ्या दिवशी ह्यांनी पाने उचलले, नमस्कार केला आणि इंजिनापाशी आले. मी बाजूलाच होते. फ्लायव्हीलकडे बघून ते थबकले. "हे राहिले होते ना गं?"

"मला काय माहीत? मी बाजारात होते."

ते वाकले. एकेका बोल्टावर लाल ठिपका. नीट, मधोमध, त्या बाटलीतल्याच कुंकवाचा. "नाही, झालेत," ते म्हणाले. "बघ, आठवण अशी फसवते." आणि त्यांनी क्लच चढवला. मग गिअरबॉक्स. ते चाक आत झाकलं गेलं ते गेलंच.

मग मात्र सगळं जुळत गेलं. इंजिन जीपमध्ये बसलं, शेजाऱ्यांनी आरोळी ठोकली. डिझेलची नळी, वायरिंग, सायलेन्सर. चालू करायच्या दिवशी अर्धी गल्ली गोळा झाली. पहिल्यांदा नुसतंच घुरघुरलं. डिझेलच्या नळीतली हवा काढली, पुन्हा सेल मारला. आणि एकदम धडधड! काळा धूर, पत्रे थरथरतायत, पोरं टाळ्या पिटतायत. हे स्टिअरिंगवर डोकं टेकवून रडले. मी पण रडले. त्या दिवशी मी जिलबी वाटली. आत्या मला हळूच म्हणाल्या, "पोरी, माजा हात लागला तरी वंगाळ न्हाई झालं बघ." मी त्यांना मिठी मारली.

गल्लीत फिरवून, बोनकोड्यापर्यंत चक्कर मारून एकदोन किरकोळ गोष्टी नीट केल्या आणि मग कळंबोलीला जायचा दिवस ठरला. हे पुढे, मी शेजारी, आत्या मागे मांडीवर नारळ घेऊन. पोरगी शाळेत. मी नवी साडी नेसले होते, काय वेडी मी, नोकरी मला थोडीच मिळणार होती.

हायवेला लागलो. गाडी मस्त पळत होती. कळंबोली दिसायला लागली आणि खालून आवाज सुरू झाला. खट, खट, खट. ह्यांनी मान तिरकी केली. "कसला आवाज आहे हो?" मी विचारलं. "गप्प बस," म्हणाले. आवाज वाढला. मग पायाखाली काहीतरी फुटल्यासारखा दणका बसला, आत्या किंचाळल्या, इंजिन बेफाम ओरडायला लागलं आणि गाडी मात्र हळूहळू थांबली. गिअर टाकला तरी हलेना. जीव वाचला, कुणाला खरचटलंसुद्धा नाही. यार्ड समोर दिसत होतं. तिथले लोक आले आणि साखळी लावून आम्हाला ओढत आत नेलं. चालवत आणायची होती ती जीप.

मालक बाहेर आला. त्याच्या वर्कशॉपमधल्या पोरांनी तिथेच गिअरबॉक्स उतरवला. क्लचचं कव्हर काढलं. आतून बोल्टांचे तुकडे घरंगळत खाली आले. फ्लायव्हील हलत होतं, मागचं कवच तडकलं होतं, इंजिनाच्या टोकाची भोकं खाऊन वाकडी झाली होती. इंजिन कामातून गेलं होतं. मालकानं बोल्टाचं एक डोकं उचललं, बोटानं चोळलं आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "मिस्त्री, हे आवळलेच नव्हते."

मला खरंच काही कळेना. ठिपके मी स्वतः पाहिले होते. आणि मागून आत्यांचा रडवेला आवाज आला, "आवो, असं कसं हुईल? म्या नवमीला पुजलं हुतं ना. बाकी समद्या बोल्टास्नी त्यानं कुंकू लावलं हुतं, ह्येच तेवढे चाकातले बिन कुंकवाचे हुते. मंग त्येच्याच बाटलीनं म्या एकेकाला टिळा लावला. एक बी सोडला न्हाई."

मालकाला ह्यातलं काही कळलं नाही. म्हातारी बाई पूजेचं बोलतेय, एवढंच त्यानं ऐकलं. पण मला लख्ख कळलं. मी ह्यांच्याकडे बघितलं. त्यांनाही कळलं होतं. एका क्षणात सगळं कळलं होतं. आता फक्त तोंड उघडायचं होतं. साहेब, ही आमची खूण, आणि ती आईनं पूजेत लावली. कुठलाही फिटर ऐकून म्हणाला असता, अरे बापरे, असं झालं होय. दोष ना ह्यांचा, ना आत्यांचा. मी पुढे झालेच. "अहो साहेब, ते काय झालं..."

ह्यांनी माझा दंड धरला, असा की वळ उठले. आणि मालकाला म्हणाले, "राहिले माझ्याकडून."

मालकानं ते बोल्टाचं डोकं ह्यांच्या हातात दिलं. वाईट नव्हता तो माणूस. म्हणाला, "माझे ट्रक घाट उतरतात, मिस्त्री. मी कुणाच्या भरवशावर सोडू?" आणि चहा सांगून आत निघून गेला. तो चहा कुणी प्यायलं नाही.

परत टेम्पोतून आलो. आत्या सगळ्या वाटेनं ह्यांचा हात कुरवाळत होत्या. "आसू दे रं लेका. हुतं आसं. डोकं ठिकाणावर न्हाई तुजं, कंपनी बंद पडल्यापास्नं." आणि हे आपले "होय आई, होय आई."

घरी आल्यावर शेडमध्ये मी त्यांना गाठलं. रिकामी शेड, जमिनीवर तेलाचे डाग. "खरं काय ते सांगा मालकाला," मी म्हटलं. "नाही तर मी सांगते. उद्या मालकाकडे जाऊ, नीट समजावू. काय लाज वाटायची आहे त्यात?"

"मालकाला सांगितलं तर आईला कळेल."

"कळू दे की! काय होईल?"

तेव्हा ते माझ्यावर पहिल्यांदा आणि शेवटचं ओरडले. "काय होईल? इतक्या वर्षांनी तिनं कुंकवाला हात लावला. मी लावायला लावला. ती नको म्हणत होती, सावट पडेल म्हणत होती. आता तिला जाऊन सांगू, आई, तुझ्या हातच्या कुंकवानं माझी भाकरी गेली? मरेल ती. जगली तरी मेल्यासारखी राहील."

माणूस खरं बोलत होता. पण मला त्यांचा राग आला, आत्यांचा आला, त्या मुडद्या रिवाजाचा तर असा आला की कुणी समोर असतं तर कानाखाली वाजवली असती. एका बाईला आयुष्यभर सांगितलं की तुझा हात वाईट, आणि त्याचं खापर फुटलं ते माझ्या संसारावर. मी तिथेच खाली बसून रडले. पोरगी शाळेतून आली, मला बघून तीही रडायला लागली, का ते न कळता.

दिवाळीनंतर आम्ही गावी गेलो. जीप भंगारात दिली. पोरीला गावच्या शाळेत घातलं. तिथे कुणी साड्यांना फॉल लावून घेत नाही. माझं मशीन पोत्याखाली झाकून ठेवलं. हे शेतावर जाऊ लागले. मला वाटायचं, इथे पंप आहेत, ट्रॅक्टर आहेत, मळणीयंत्रं आहेत. हा माणूस हातानं सोनं करेल. कोण अडवणार आहे?

पण गावाला सगळं आधीच ठाऊक झालेलं. आत्यांनीच सांगितलेलं, मायेनं, पदरानं डोळे पुसत, ज्याच्या त्याच्या ओट्यावर. माजा लेक लई हुशार हुता हो, पर डोकं गेलं, बोल्ट आवळायचंच इसरला. कुणी वाईट वागलं नाही. चहाला बोलवायचे, शेतीचं विचारायचे. यंत्राचं विचारत नव्हते.

एकदा आमच्या शेजारच्या मळ्यातला पंप बंद पडला. ऐन उन्हाळा, ऊस वाळत होता. तो शेतकरी घाईघाईनं आमच्या अंगणात आला. हे ओट्यावरच बसले होते. त्याला बघून हे उठले, मी स्वतः पाहिलं, हात पुसायला फडकंसुद्धा घेतलं. तेवढ्यात आत्या आतून आल्या आणि त्या शेतकऱ्याला म्हणाल्या, "बाबा, त्याला नगं नेऊ. तुजं नुकसान हुईल. तालुक्याचा मिस्त्री आण कसा."

तो बिचारा घुटमळला. ह्यांच्याकडे बघायला लागला.

ह्यांनी फडकं खाली ठेवलं. "आई बरोबर बोलतेय," म्हणाले. "तालुक्याचाच आण." आणि त्याला मिस्त्रीच्या दुकानाचा रस्ता समजावून सांगत फाटकापर्यंत सोबत गेले.